मराठी किशोरकथेतील विनोद

साधारण बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या, किंवा या वयाच्या मुलामुलींनी आपल्याशा केलेल्या, मराठी कथा-कादंबऱ्यांतील विनोद. बालकथेतला विनोद बहुधा घटनेत असतो: कोणी धपकन पडते, माकड टोपी पळवते. किशोरकथेत तो सांगणाऱ्याच्या बोलण्यात उतरतो. आवाज फुटू लागतो, चपला दर सहा महिन्यांनी तोकड्या होतात, आणि घरात एकाच संध्याकाळी ‘आता तू लहान नाहीस’ व ‘मोठ्यांच्यात बोलू नकोस’ ही दोन्ही वाक्ये ऐकावी लागतात. ही ओढाताण सरळ सांगायला मुलाजवळ शब्द नसतात. थट्टेतून मात्र ती सांगता येते. त्यामुळे या वाङ्मयात विनोदाला तोंडी लावण्यापुरते मानणे चुकीचे ठरते. पुष्कळदा कथेचा मुख्य आशयच त्यातून येतो.

मराठीत हा विनोद खऱ्या अर्थाने वयात आला तो हसण्याचा हक्क मोठ्यांकडून मुलाकडे गेला तेव्हा.

सुरुवातीच्या काळावर संस्कारकथेची मोठी छाया होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) मुलांच्या वाचनात डोळ्यांतल्या पाण्याला मानाचे स्थान दिले, आणि पुढे कित्येक वर्षे मुलांसाठी लिहायचे म्हणजे काहीतरी शिकवायचे, हे गृहीतच धरले गेले. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्या आणि चिंगी या पात्रांना खोडकरपणासकट वाचकांच्या घरात आणले, हे त्या पार्श्वभूमीवर फार मोलाचे आहे. चिंगीचे महत्त्व तर अधिकच, कारण तिच्यानंतरही हसवणाऱ्या नायिका मराठीत मोजक्याच झाल्या.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेने चित्र पालटले. फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर भरधाव सुटतो आणि उत्तेजित झाला की जीभ टाळूला लावून ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. या एका आवाजाने भागवतांनी बरेच साधले आहे. संकट अंगावर येते, वाचकाचा श्वास अडकतो, आणि तेवढ्यात ‘ट्टॉक’ आला की मन सैल होते. पोराला काहीतरी सुचले आहे हे कळते. साहसकथेत विनोद असा दम घ्यायची जागा देतो. नावांची गंमतही भागवतांची खास: पुस्तकवेड्या मुलाचे आडनाव ‘बुकलवार’ ठेवले की त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पुढे दिलीप प्रभावळकरांनी आपल्या ‘बोक्या’ या बालनायकाला ‘सातबंडे’ हे आडनाव दिले, ते याच वाटेवरचे. २०१७च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात भागवतांची भूमिका प्रभावळकरांनीच केली, हा योग सुरेख आहे.

शाळेच्या आठवणींवरचा विनोद हा वेगळा प्रकार मानावा लागतो. पु. ल. देशपांडे यांचा ‘बिगरी ते मॅट्रिक’ किंवा द. मा. मिरासदारांची ‘व्यंकूची शिकवणी’ किशोरांना मनापासून आवडतात. पण लेखक तिथे त्या वयातून सुखरूप बाहेर पडलेला असतो. मागे वळून पाहताना येणारे हसू आणि वर्गात बसलेल्या मुलाचे हसू यांत अंतर आहे: दुसऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते.

ते दुसरे हसू प्रकाश संत (१९३७–२००३) यांच्या लंपनमध्ये सापडते. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतला हा मुलगा आईवडिलांपासून दूर, बेळगावच्या परिसरात आजी-आजोबांकडे वाढतो. त्याच्या तोंडी सतत ‘मॅड’ हा शब्द असतो आणि प्रत्येक गोष्टीला तो भलामोठा आकडा लावतो. ‘हजारदा सांगितले’ असे कुणीही म्हणेल. लंपनचा आकडा मात्र असा गोल नसतो. वर सुटे दोन-चार एककही असतात, जणू त्याने खरोखर मोजले आहे. वाचकाला हसू येते ते अतिशयोक्तीला दिलेल्या या हिशेबी काटेकोरपणाचे. आणि याच आवाजात घराची आठवण येते तेव्हा ती अधिक लागते. रडणे आकड्यांत लपवणाऱ्या मुलाला वाचक एव्हाना ओळखू लागलेला असतो.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) विनोद टोळीचा आहे. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि त्यांची ‘लाईन’, ‘सुमडीत’ अशी बोली: ही भाषा मोठ्यांना बाहेर ठेवणारी कडी आहे. जोशी मोठ्या बहिणीला ‘अंबाबाई’ म्हणतो. टोपणनावाआडून माया दाखवता येते, कबूल करावी लागत नाही. चौदाव्या वर्षी हे फार सोयीचे असते. जोशीला आवडणारी शिरोडकर ही मुलगी दुरावते तेव्हा ही थट्टा हळूहळू थांबत जाते. त्या शांततेतून वाचकाला जे कळते ते दुःखाच्या वर्णनाने कळले नसते.

‘शाळा’ किंवा लंपनकथा किशोरांसाठी म्हणून लिहिल्या गेल्या नाहीत, तरी किशोरांच्या हाती त्या सर्वाधिक शोभतात. खास या वयासाठीच्या लेखनाला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने १९७१पासून हक्काची जागा दिली.

या परंपरेतली उणीवही नोंदवली पाहिजे. हसवणारी मुले बहुतेक मुलगे आहेत, आणि त्यांची घरे बव्हंशी पुस्तके-मासिके येणाऱ्या मध्यमवर्गाची. जुन्या कथांत लठ्ठ, तोतऱ्या किंवा काळ्या मुलावर केलेले विनोद सर्रास भेटतात. ज्याच्यावर वर्ग हसतो तो मुलगाही ते पान वाचत असतो, हे तिथे विसरले गेले. याउलट लंपन हसवतो तो स्वतःच्या फजितीवर, आणि त्याचे ‘मॅड’ बहुधा स्वतःच्याच वाट्याला येते.