परदेशी घर हलवताना: शेअर्ड कंटेनर की अख्खा कंटेनर?

परदेशी राहायला जायचं ठरलं आणि पॅकर्सना बोलावलं की हातात दोन कोटेशनं पडतात. एकावर ‘एलसीएल’ किंवा ‘शेअर्ड कंटेनर’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘एफसीएल’, म्हणजे अख्खा कंटेनर. सामान तेच, बंदर तेच, पोलादी पेटीही तीच. त्यामुळे बहुतेकांची समजूत होते की सामान थोडं असेल तर पहिलं घ्यायचं आणि जास्त असेल तर दुसरं. पण या दोन्हींत पैसे कशाचे मोजायचे हेच वेगळं आहे. ते लक्षात न आल्यामुळे सोफा न्यावा की विकावा, पुस्तकं न्यावीत की वाटून टाकावीत, हे साधे निर्णयही उलटे होतात.

एलसीएलमध्ये तुम्ही जागेचे पैसे देता. तुमचं सामान किती घनमीटर भरलं ते मोजतात आणि तेवढ्याचं बिल लावतात. पॅकर्सच्या भाषेत घनमीटरला ‘सीबीएम’ म्हणतात. कंटेनरमध्ये उरलेली जागा इतरांच्या सामानाची असते. एफसीएलमध्ये पेटीच तुमची. ती गच्च भरा किंवा अर्धी रिकामी न्या, जहाजाचं भाडं तेवढंच. एकात बसचं तिकीट काढायचं, दुसऱ्यात अख्खी बस ठरवायची.

एवढं समजलं की ‘जातंच आहे तर हेही टाकूया’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या वाक्याचा अर्थ दोन ठिकाणी किती वेगळा होतो ते दिसतं. शेअर्ड कंटेनरमध्ये फुकट काहीच जात नाही. कोपऱ्यातलं स्टूल, रिकामी सूटकेस, मुलांना आता लहान पडणारी सायकल, प्रत्येकाचं भाडं लागतं. म्हणून तिथे प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून विचारायला हवं, की ही तिथे विकत घेतली तर काय पडेल आणि नेली तर काय पडेल. अख्ख्या कंटेनरमध्ये हा प्रश्न वस्तूगणिक विचारण्यात अर्थ नाही. कंटेनर घ्यायचा की नाही, हा एकच मोठा प्रश्न सोडवायचा. घ्यायचं ठरलं की पुढच्या घनमीटरला पॅकिंग आणि हमालीपलीकडे फारसा खर्च येत नाही. लोक नेमकं उलट करतात. शेअर्डमध्ये सढळ हाताने भरतात, आणि अख्खा कंटेनर घेऊन चांगलं कपाट मागे सोडतात.

आता मापं बघूया, कारण सगळा हिशोब मापावर चालतो. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, म्हणजे ३३ घनमीटरच्या आसपास. घरसामान वेडंवाकडं असतं. खुर्च्यांचे पाय, दिव्यांच्या शेड यांमध्ये पोकळ्या राहतात आणि प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर सामान मावतं. ४० फुटी कंटेनर ६७ घनमीटरचा असतो, पण त्याचं जहाजभाडं सहसा २० फुटीच्या दुप्पट नसतं.

तीन माणसांचा सोफा घ्या. २.१ मीटर लांब, ०.९ मीटर खोल, ०.८५ मीटर उंच, म्हणजे १.६ घनमीटर. पुस्तकांचा खोका ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा धरला तर एका सोफ्याच्या जागेत जवळजवळ ४० खोके बसतात. समुद्री वाहतुकीत बिल सहसा घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. पुस्तकं कितीही जड वाटली तरी घनमीटरला टनाचं वजन गाठत नाहीत. म्हणजे शेअर्ड कंटेनरमध्ये ४० खोके पुस्तकं आणि एक सोफा यांचं भाडं जवळपास सारखं. ‘पुस्तकं जड असतात, ती नेणं परवडत नाही’ हा सल्ला विमानाचा आहे. विमानात १ घनमीटरला साधारण १६७ किलो धरतात आणि प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त भरलं तर त्यावर आकारणी होते. तिथे पुस्तकं खरोखरच महाग पडतात. जहाजासाठी हा सल्ला ऐकून कुणी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं रद्दीत घालू नयेत असं मला मनापासून वाटतं.

याच न्यायाने सुटे भाग होणारा पलंग स्वस्तात जातो, गादी महाग पडते. फ्रिज, वॉशिंग मशिन यांच्याबद्दल जागेआधी वीज बघावी. काही देशांत १०० ते १२७ व्होल्ट असतात, काहींत २२० ते २४०, आणि फ्रिक्वेन्सी कुठे ५० हर्ट्झ तर कुठे ६०. लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, मोटारीवर किंवा तापण्यावर चालणारी उपकरणं सहसा नाही. ती विकून मोकळं व्हावं.

शेअर्डच्या कोटेशनमध्ये एक बारीक गोष्ट लपलेली असते. तुमचं सामान इतरांच्या मालाबरोबर जाणार म्हणून ते बऱ्याचदा मोठ्या लाकडी पेट्यांत भरतात. मग घनमीटर मोजायचे ते पेटीच्या बाहेरून. लाकडाची जाडी, आतल्या पोकळ्या, खाली फोर्कलिफ्टसाठी ठेवलेली उंची, सगळं बिलात येतं. सामान मोजायला, म्हणजे सर्व्हेला, आलेल्या माणसाने ‘सहा सीबीएम’ म्हटलं तर ते नुसत्या सामानाचे की पेटीसकट, हे त्याच क्षणी विचारायला हवं. लाकूड कोणतं हेही बघा. लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून ‘आयएसपीएम १५’ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात किंवा औषधाची धुरी देतात आणि त्यावर शिक्का मारतात. हा शिक्का नसेल तर पेटी तिकडच्या बंदरात अडकू शकते.

शेअर्डमध्येही दोन प्रकार आहेत. एकात पॅकर्स स्वतः चार-पाच घरांचं सामान एकाच दिशेला जमेपर्यंत थांबतात आणि मग एक कंटेनर भरतात. यात सामान घरसामानाबरोबरच जातं, पण तारीख कुणीच सांगू शकत नाही. दुसऱ्यात ते व्यापारी मालाच्या ठरलेल्या फेरीत चढवतात. फेऱ्या नियमित असतात, मात्र शेजारी यंत्राचे सुटे भाग असू शकतात, म्हणून लाकडी पेट्या लागतात. कोटेशनवर दोन्ही ‘शेअर्ड’च लिहिलेले असतात.

हाताळणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मोडतोड तिथे होते. १९५६ साली अमेरिकी वाहतूक उद्योजक माल्कम मॅकलीन यांनी ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. माल एकदा पेटीत भरला की मुक्कामापर्यंत त्याला पुन्हा हात लागू नये, हीच त्यामागची कल्पना होती. अख्ख्या कंटेनरमध्ये तुम्हाला हा फायदा पुरेपूर मिळतो. कंटेनर दारात येतो, तुमच्यासमोर भरला जातो, दाराला क्रमांकाचं सील लागतं. त्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. कस्टम्सने तपासणीसाठी उघडला नाही, तर तेच सील नव्या दारात तुटतं. शेअर्डमध्ये सामान घरातून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात, गोदामातून कंटेनरमध्ये जातं, आणि पलीकडे हेच सगळं उलट्या क्रमाने होतं. प्रत्येक चढ-उतारीला अनोळखी हात लागतात. काचेची कपाटं, पियानो, मोठे आरसे असतील तर कोटेशनांमधला फरक याच्याशी ताडून बघावा.

खोळंब्याचंही तसंच. शेअर्ड कंटेनरमधल्या एकाच्या कागदपत्रांत घोळ निघाला किंवा कस्टम्सने त्याचं सामान तपासायला घेतलं, तर अख्खा कंटेनर थांबू शकतो. तुमची यादी कितीही चोख असली तरी काही करता येत नाही. ‘जनरल अ‍ॅव्हरेज’चा प्रसंग आला तरी हेच. जहाज संकटात सापडून ते वाचवायला खर्च झाला, तर तो जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात, असा समुद्री व्यापाराचा फार जुना नियम आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा तो लागू झाला आणि हमी दिल्याशिवाय माल सोडला जात नव्हता. शेअर्डमध्ये एकाची हमी राहिली तरी बाकीच्यांचं सामान अडकू शकतं. दोन्ही प्रकारांत विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, म्हणून विम्याशिवाय सामान पाठवूच नये.

विमा घेताना दोन ओळी नीट वाचा. ‘टोटल लॉस’ म्हणजे सगळंच बुडालं तर भरपाई, ‘ऑल रिस्क’ म्हणजे एकेका वस्तूच्या मोडतोडीचीही. आणि स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या फुटीची भरपाई बहुतेक पॉलिसी देत नाहीत. पैसे वाचवायला काचसामान घरीच बांधायचं असेल, तर ते विम्याविना जातंय असं धरून चाला. ओलाव्याने धरलेली बुरशीही अनेकदा वगळलेली असते. कंटेनरमध्ये दिवसरात्रीच्या तापमानाने आत पाणी सुटतं, तेव्हा ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाकायला सांगा.

पैशांच्या तुलनेत सगळ्यात मोठा चकवा पलीकडच्या बंदरात असतो. शेअर्डचा दर ऐकायला स्वस्त लागतो. पण तिकडे कंटेनर रिकामा करणं, गोदाम, कागदपत्रं, टर्मिनलची हाताळणी हे सगळं वेगळं लागतं आणि ‘डोअर टू पोर्ट’, म्हणजे फक्त तिकडच्या बंदरापर्यंतच्या, कोटेशनमध्ये ते धरलेलं नसतं. सामान पोचल्यावर पैसे भरल्याशिवाय ते हातात येत नाही, मग घासाघीस कसली करणार? म्हणून दोन्ही कोटेशनं ‘डोअर टू डोअर’ मागा आणि काय धरलेलं नाही ते लेखी घ्या. अख्ख्या कंटेनरचा चकवा निराळा. बंदरात ठरलेल्या दिवसांपेक्षा तो जास्त राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेऊन वेळेत रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन. दोन्ही दिवसावर चढत जातात. तिकडे घराची किल्ली मिळायच्या आधी कंटेनर पोचणार असेल तर हा खर्च आधीच मांडायला हवा.

कस्टम्सचे नियम दोन्ही प्रकारांना सारखेच लागू होतात, पण काय न्यायचं याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. वापरलेलं घरसामान बऱ्याच देशांत ठरावीक अटींवर करमुक्त येतं. युरोपीय संघात ते किमान ६ महिने तुमच्या वापरात असावं लागतं, तुम्ही आधी किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेले असावे लागता, आणि नंतर १२ महिने ते विकता येत नाही. अमेरिकेत वापराची मुदत वर्षाची आहे. त्यामुळे जाण्याच्या तोंडावर ‘तिकडे महाग मिळेल’ म्हणून नवं सामान घेऊन भरणं बऱ्याचदा अंगाशी येतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणार असाल तर बुटांच्या तळव्यांतली, सायकलच्या चाकांतली, बागेच्या अवजारांवरची माती धुऊन काढा, नाहीतर तपासणी आणि सफाईचा खर्च तुमच्यावर येतो.

मग ठरवायचं कसं? आधी कोटेशन मागवू नका. आधी वही आणि मोजपट्टी घेऊन घर फिरा. नवं घर केवढं आहे आणि किती वर्षं राहायचंय हे ठाऊक असेल तर निम्मी यादी आपोआप गळते. दोन वर्षांच्या करारावर जाणाऱ्याला परतीचं भाडंही मोजावं लागतं, आणि तेव्हा फर्निचर नेणं क्वचितच पटतं. यादीतल्या प्रत्येक वस्तूचे घनमीटर लिहून बेरीज करा. १ घनमीटरच्या आत राहिली तर कंटेनरचा विषयच सोडा. बहुतेक ठिकाणी किमान १ घनमीटरचं बिल लागतं, त्यापेक्षा जादा बॅग किंवा विमानाचं कार्गो विचारा. ५-६ घनमीटरपर्यंत शेअर्ड उघड आहे. १३ ते १५ घनमीटरच्या आसपास दोन्हींचं बिल जुळायला लागतं, तिथे दोन्ही कोटेशनं समोर ठेवून दुसरी यादी करावी. आकडा १४ असेल आणि अख्खा कंटेनर थोड्याच फरकाने मिळत असेल, तर सोडलेलं जुनं कपाट यादीत परत आणा. पण रिकामी जागा दिसते म्हणून अडगळ भरू नका. तिकडे जुनं फर्निचर टाकून द्यायलाही अनेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात.

मोजपट्टीने सुटत नाहीत अशा काही वस्तू घरात असतातच. फोटोंचे आल्बम, पत्रं, मुलांनी काढलेली चित्रं, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली आरामखुर्ची. विकत घ्यायला काय पडेल हा प्रश्न त्यांना लागूच होत नाही. जागा थोडी घेत असतील तर त्या न्याव्यात, आणि खुर्चीसारखी मोठी वस्तू असेल तर तिच्यासाठी दुसरं काहीतरी सोडावं.

पासपोर्ट, जन्माचे आणि शिक्षणाचे दाखले, दागिने, चालू औषधं आणि हार्ड डिस्क यांतलं काहीही कुठल्याच कंटेनरमध्ये घालू नका. पॅकर्स येण्याच्या आदल्या रात्री या वस्तू एका बॅगेत भरून ती घराबाहेर, शेजाऱ्यांकडे किंवा गाडीत ठेवा. दारात ट्रक उभा असताना पाच माणसं एकदम खोके भरायला लागतात, तेव्हा ‘ही बॅग नाही’ हे सांगायला कुणी जवळ असेलच असं नाही.