हवागाळणी, मालट्रकची

डिझेल इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ अडवणारा भाग. गॅरेजात त्याला ‘एअर क्लीनर’ किंवा नुसते ‘फिल्टर’ म्हणतात. एक लिटर डिझेल जाळायला सुमारे १०,००० लिटर हवा लागते, त्यामुळे हवेत थोडी धूळ असली तरी दिवसभराच्या खेपेत ती बरीच साठते. गाळणीतून निसटलेली बारीक धूळ लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा घासते. मग गाडी ऑइल खाऊ लागते, पिकअप पडतो. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची पातीही झिजतात.

गाळण्या दोन तऱ्हेच्या असतात. बदलायच्या गाळणीत घड्या घातलेला खास कागद असतो. धुऊन पुन्हा वापरायच्या गाळणीत तेल लावलेले सुती जाळीदार कापड किंवा फोम असतो. जुन्या ट्रकांवर आणि अनेक ट्रॅक्टरांवर दिसणारा ‘ऑइल बाथ’ हाही पुन्हा वापरायचाच प्रकार. त्यात हवा तेलावर आदळून धूळ खाली बसते, पण अगदी बारीक कण अडवण्यात तो कागदाच्या मागे पडतो.

मराठवाड्यात नेमका बारीक कणांचाच प्रश्न आहे. बेसॉल्टपासून झालेली काळी माती उन्हाळ्यात भुकटी होते आणि शेतरस्त्यावर चाकाखालून फुफाटा उठतो. ऊस किंवा सोयाबीन भरायला गाडी शिवारापर्यंत जाते. खडी क्रशरवर दगडाची पूड असते, तर जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू उडतात. सोलापूर–धुळे महामार्गावरच धावणारा ट्रेलर आणि गंगाखेडच्या बाजूला कारखान्याचा ऊस वाहणारा ट्रक यांना गाळणी बदलायचा किलोमीटरचा एकच हिशेब लावणे म्हणूनच चूक.

धुण्याच्या गाळणीची पहिली किंमत जास्त असते, पण ती वर्षानुवर्षे चालते. मालकाला भुरळ पडते ती याचीच. मात्र धुतल्यावर ती पूर्ण सुकावी लागते आणि मग बेताने तेल लावावे लागते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) गाड्यांत अशा सेन्सरांवर बरेच काही अवलंबून असते. खेपेवरून खेप मारणाऱ्या गाडीला सुकण्याइतकी उसंत कुठली? शिलकीत दुसरी गाळणी नसेल तर ती ओलीच बसवली जाते.

प्रत्यक्षात इथे तिसराच मार्ग रूढ आहे: बदलायची कागदी गाळणी धुण्याच्या गाळणीसारखी वापरणे. पंक्चरच्या दुकानात कंप्रेसरची हवा मारायची, नाहीतर टायरवर आपटून झाडायची. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि आपटल्याने कडेचे रबर वाकडे होऊन तिथून हवा शिरते. शिवाय कोरी गाळणी सर्वांत चांगली, हा समजही खरा नाही. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की ती अधिक बारीक कण अडवते. रोज हवा मारणारा तो थरच उडवून टाकतो. कागद पाण्याने धुणे तर त्याहून वाईट.

गाळणी कधी बदलायची हे तिच्या रंगावरून ठरत नाही. हवेच्या वाटेवर दर्शक असतो. गाळणी तुंबल्याने इंजिनाची हवेची ओढ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की त्यात लाल पट्टी येते. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत ही मर्यादा २५ इंच पाण्याच्या (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबाच्या) आसपास असते. दर्शक बंद पडलेला असेल तर आधी तो बदलावा, तो गाळणीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. फुफाट्याच्या भागात गाळणीआधी धूळ गरगरवून बाजूला टाकणारा प्री-क्लीनर लावला, आणि गाळणीच्या डब्याच्या तळाचे रबरी बोंड दाबून रोज धूळ पाडली, तर कागदी गाळणीचे आयुष्य बरेच वाढते. ऊस-सोयाबीनच्या गाड्यांना हाच मार्ग परवडतो. धुण्याची गाळणी शोभते ती डांबरी रस्त्यावरच धावणाऱ्या आणि काम जाणणारा मिस्त्री घरचाच असलेल्या मालकाला.

मोठ्या ट्रकांत आत आणखी एक छोटी गाळणी असते. बाहेरची फाटली तर इंजिन वाचवणे एवढेच तिचे काम. तिला हवा मारायची नाही, धुवायचीही नाही. बाहेरची दोन-तीनदा बदलली की तीही नवी बसवायची.