लिटल मोर्टन हॉल : हे घर असं वाकडं का?

(इंग्लंड सहलीतल्या आमच्या प्रवाशांसाठी)

चेशर परगण्यातल्या या घरासमोर उभं राहिलं की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "पडणार तर नाही ना?" खंदकाच्या काठावर तीन मजले चढलेले, काळ्या लाकडांमध्ये पांढरे चौकोन, आणि सरळ रेष म्हणून शोधून सापडत नाही. काळजी नको. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मोर्टन घराण्याने बांधायला घेतलेलं, सुमारे १६१० पर्यंत वाढत गेलेलं हे घर आजही उभं आहे.

ते उभं आहे ओकच्या सांगाड्यावर. आपले जुने वाडे पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: भार लाकूड घेतं, भिंत फक्त मधली जागा भरते. इथली भिंत तर चक्क कुडाची, म्हणजे काटक्यांची वीण आणि त्यावर मातीचा लेप. दगडी जोत्यामुळे लाकूड ओल्या जमिनीपासून वर राहतं. सांध्यांजवळ जरा थांबून पाहा. एका लाकडात खाच, तिच्यात दुसऱ्याचं टोक, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. ओक ओला असतानाच कापायचा आणि जोडायचा, कारण वाळल्यावर तो दगडासारखा कठीण होतो. वाळताना लाकूड आक्रसतं, पिळवटतं. थोडा वाकडेपणा तिथूनच येतो.

खरं कारण मात्र सर्वांत वर आहे. १५६०च्या सुमारास दक्षिणेकडची बाजू बांधताना तिच्या माथ्यावर एक लांब दालन चढवलं गेलं. मूळ बेतात ते नसावं, असं अभ्यासक मानतात. सुमारे ६८ फूट लांब, १२ फूट रुंद, आणि वर जड दगडी फरश्यांचं छप्पर! त्या ओझ्याने खालचा सांगाडा वाकला, पण तुटला नाही. आमच्या मते घरातली सर्वांत सुंदर जागा हीच. पावसाळी दिवसांत घरची मंडळी इथे फेऱ्या मारत, खेळत. भिंतींवरच्या लाकडी फळ्यांमागे सतराव्या शतकातले टेनिसचे चेंडू सापडले आहेत. जमीन समतल नाही, म्हणून सपाट तळव्याचे बूट घाला. गुडघे दुखत असतील तर जिना न चढता अंगणातच थांबा, तिथेही पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

लाकडांचा काळा रंग बराच नंतरचा. पूर्वी ओक तसाच उघडा ठेवत, तो उन्हापावसाने रुपेरी होई.

१९३८ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लाकडावर किंवा गिलाव्यावर हात टेकू नये, ही विनंती.

अंगणात पुढे आलेल्या दोन मोठ्या खिडक्या दिसतील, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांच्या बारीक तुकड्यांच्या. त्यांच्या वर कोरलेला मजकूर वाचायला मान बरीच वर करावी लागते. त्यात १५५९ हे साल रोमन अंकांत आहे, मालक विल्यम मोर्टन यांचं नाव आहे, आणि त्याच ओळींत या खिडक्या घडवणाऱ्या सुताराचंही: रिचर्ड डेल.