चोखोबाचं मंगळवेढं आणि सोलापूरचं मतदान, जरा मागचा इतिहास

सोलापुरात इलेक्शन आलं की पहिला प्रश्न पक्षाचा नसतोच, "कुणाचाय तो?" हा असतो, आणि इथं कुणाचा म्हणजे कुठल्या समाजाचा. हा प्रश्न आला कुठनं ते बघायचं तर पार पुरुषसूक्तापर्यंत मागं जावं लागतं. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातलं ९० वं सूक्त, त्यात तोंडापासून ब्राह्मण, हातांपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र. अस्पृश्याला तर त्या अंगावर जागाच नाही. पुढं मनुस्मृतीनं त्याचे नियम बांधले, आणि वरनं शिकवण अशी की तू खालच्या जातीत जन्मलास ते तुझ्याच मागच्या जन्मीच्या पापामुळं. माझ्या मते सगळ्यात घातक हाच भाग, कारण कायद्याशी भांडता येतं, मागच्या जन्माशी कसं भांडणार?

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. बायबलमधली, नोहानं नातवाला गुलाम होशील असा शाप दिल्याची गोष्ट अमेरिकेत गुलामगिरी बरोबर आहे हे सांगायला वापरली गेली, मॉर्मन चर्चनं तर काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत पुरोहितपद दिलं नव्हतं, आणि त्या चर्चचे मिट रॉम्नी २०१२ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा हा जुना विषय परत निघाला. तिथं उमेदवाराच्या धर्माला प्रश्न विचारले गेले, आपल्याकडं उमेदवाराच्या जन्मालाच विचारतात.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा, कारण या शिकवणीला नाही म्हणणारी माणसं पण इथलीच. मंगळवेढ्यात १२ व्या शतकात बिज्जळ राजाकडं नोकरीला होते ते बसवण्णा, लिंगायत ज्यांना मानतात ते. त्यांच्या शरणांमधे, म्हणजे अनुयायांमधे, पुढं बसवकल्याणला चांभार हरळय्याच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न लागलं आणि दोघा बापांना त्यासाठी जीव द्यावा लागला. नंतर त्याच लिंगायत परंपरेत जंगम, पंचम, चतुर्थ अशा जातीच्या पायऱ्या परत आल्या, हे वाचताना अजून वाईट वाटतं.

त्याच मंगळवेढ्याचे चोखोबा, म्हणजे संत चोखामेळा. गावकुसाची भिंत बांधायच्या वेठीला होते, १३३८ मधे ती भिंत कोसळून गेले, समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर. समोर म्हणजे बाहेरच. चोखोबांच्या अभंगात हीन जातीचं दुःख आहे आणि पूर्वकर्माचा दोष स्वतःकडं घेणंही आहे, त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र थेट देवालाच जाब विचारतो. विठ्ठलाचं दार उघडायला पुढं ६०० वर्षं लागली, साने गुरुजींनी १ मे ते १० मे १९४७ उपोषण केलं तेव्हा कुठं उघडलं. म्हणजे स्वातंत्र्याला जेमतेम तीन महिने राहिले होते.

मताचा प्रश्न त्याच्या आधीच पेटलेला होता. १९३२ च्या इंग्रज सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्यांचा माणूस त्यांच्याच मतांनी निवडायचा, गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्यांच्या राखीव जागा ७१ वरनं १४८ झाल्या पण मतदार सगळे एकत्र. याचा अर्थ नीट समजून घ्या, जागा दलिताची पण निवडून कोण येणार ते ठरवायला बाकीच्यांची मतं लागणार, आणि ती मतं कुणाला जाणार तर जो बाकीच्यांना चालतो त्याला. बाबासाहेबांना हीच भीती होती, आणि १९५२ च्या लोकसभेला मुंबईत काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडनं ते स्वतः पडले.

पण त्याच १९५२ ला सोलापूरनं वेगळं केलं, आणि हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. तेव्हा सोलापूर दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) शंकरराव मोरे आले आणि दुसरे बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज, ज्यांनी १९२९ ला पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला होता. अख्ख्या देशात फेडरेशनचे लोकसभेला दोनच जण आले, त्यातला एक सोलापूरचा. राजभोज चर्मकार होते, फेडरेशनला लोक महारांचा पक्ष म्हणायचे, तरी आले.

मग १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा दिवस आला. जन्माची शिकवण ज्या धर्मात होती तो धर्मच लाखो लोकांनी सोडला. पण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगत होता की अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे, १९५६ ला त्यात शीख आले, बौद्ध आले ते थेट १९९० ला. मधली ३४ वर्षं कागदावर बौद्ध लिहिलं की लोकसभेची राखीव जागा गेली, त्यामुळं कितीतरी घरांत मनानं बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू महार असंच चाललं. १९९० चा बदल झाला म्हणून पुढं रामदास आठवले बौद्ध असून १९९९ आणि २००४ ला पंढरपूरच्या राखीव जागेवरनं निवडून येऊ शकले, त्याच पंढरपूरवरनं!

तेव्हा सोलापूरची जागा खुली होती, आणि ढोर समाजातले सुशीलकुमार शिंदे १९९८ आणि १९९९ ला त्या खुल्या जागेवरनं जिंकले. जात बघूनच सगळं ठरतं म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं. २००८ च्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत पंढरपूरची जागा गेली, पंढरपूर-मंगळवेढा सोलापूरला जोडलं आणि सोलापूर राखीव झालं.

२०१९ ला शिंदे, प्रकाश आंबेडकर आणि भाजपकडनं लिंगायत मठाचे जयसिद्धेश्वर महास्वामी असे तिघं समोरासमोर आले. महास्वामी दीड लाखाच्या वर लीडनं जिंकले, आंबेडकर तिसरे. मठाला मानणारी घरं या भागात भरपूर, त्यात मोदींची हवा, दोन्ही एकत्र आलं. महास्वामींचा दाखला बेडा जंगम या अनुसूचित जातीचा होता, तो पडताळणी समितीनं फेब्रुवारी २०२० मधे रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्या परंपरेत जंगम म्हणजे गुरू, तिथं निवडणुकीसाठी अनुसूचित जातीचा दाखला लागला. बसवण्णांना अभिप्रेत होतं ते हे नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि १९५० चा तो आदेश संपलेला नाही. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं, वस्त्यांमधनं ख्रिस्ती झालेली घरं पण जुनी. एकाच आज्याची दोन नातवंडं, एक बौद्ध, एक ख्रिस्ती, जात गावानं दोघांची सारखीच लक्षात ठेवलेली. पहिल्याला या जागेवर फॉर्म भरता येतो, दुसऱ्याला फक्त मत देता येतं.