ई-निविदा (ग्रामीण विदर्भातील स्थानिक स्वराज्य संस्था)

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत आणि ग्रामपंचायत यांची बांधकामे व खरेदी यांसाठी संकेतस्थळावरून दर मागवणे, ते ठरल्या वेळी उघडणे आणि त्यांची तुलना करणे, या पद्धतीला ई-निविदा म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी ‘महाटेंडर्स’ हे शासकीय संकेतस्थळ वापरले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली आणि या पद्धतीचा पाया घातला गेला.

पूर्वी कोरी निविदा कार्यालयातून विकत घ्यावी लागे आणि बंद लिफाफा तिथल्याच कुलूपबंद पेटीत टाकावा लागे. कोरा फॉर्म कोणी नेला हे त्याच दिवशी तालुक्याला कळत असे. मग समजूत काढणे, ‘रिंग’ करणे (ठेकेदारांनी आपसांत दर आधीच ठरवून घेणे), प्रसंगी कार्यालयाच्या दारातच अडवणे, असे प्रकार चालत. ई-निविदेने हे दार मोडले, आणि हा तिचा सर्वांत मोठा लाभ आहे. भामरागडच्या कामासाठी नागपूरचा ठेकेदार घरबसल्या दर भरू शकतो, आणि किती जणांनी भरले हे निविदा उघडेपर्यंत गुप्त राहते. तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, अनुभव आणि बयाणा रकमेची, म्हणजे निविदेसोबतच्या अनामतीची, कागदपत्रे असतात. त्यात जो पात्र ठरतो त्याचाच दर उघडला जातो.

यामुळे कामे स्वस्त होतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रीय अभ्यास मात्र वेगळे सांगतो. ई-निविदेने दर घटल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि बाहेरच्या भागातील ठेकेदारांना काम मिळण्याचे प्रमाण वाढले.

स्पर्धा खुली झाली तरी निर्णयाचा बराच भाग संकेतस्थळावर येण्याआधीच होऊन जातो. शासनाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदेसाठी ३ लाख रुपयांची मर्यादा होती; त्याखाली ती सक्तीची नव्हती. अशी कोणतीही मर्यादा आली की तिच्या आत बसतील असे तुकडे पाडण्याचा मोह येतोच: एकाच गल्लीचा सिमेंट रस्ता ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ अशा दोन-तीन कामांत विभागला जातो. लहान कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि इतर नोंदणीकृत ठेकेदार यांच्यात ठरावीक प्रमाणात वाटण्याची स्वतंत्र पद्धतही आहे. तिचा हेतू चांगला आहे, पण संस्थेच्या नावावर दुसराच कोणी काम करत असेल तर ते संकेतस्थळाला दिसत नाही. अनुभवाची किंवा यंत्रसामग्रीची अट विशिष्ट माणसाच्या मापाने कापली, तरी संगणक ती निमूटपणे लागू करतो.

विदर्भात खरी परीक्षा जमिनीत होते. यवतमाळ, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातील काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. इथल्या रस्त्याचे आयुष्य वरच्या थरापेक्षा खालच्या मुरूम-खडीच्या भरावावर ठरते. निविदा खूप ‘बिलो’ गेली, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने भरली गेली, की काटछाट आधी या न दिसणाऱ्या थरात होते. जास्त बिलो दरासाठी ठेकेदाराकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याचा नियम याचसाठी आहे. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यावर पहिल्याच पावसात बैलगाडी रुतली, तर दोष निविदेत होता की मोजमापात, हे शेतकऱ्याला कळण्याची सोय नसते.

दुसरी अडचण डोंगलची. डिजिटल स्वाक्षरीचे हे छोटे उपकरण ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि सरपंच यांच्या नावाने निघते, पण ते अनेकदा संगणक परिचालकाच्या किंवा एखाद्या खासगी सेवा केंद्राच्या खणात पडून असते. ते दुसऱ्याकडे देणे म्हणजे आपली सही आणि अधिकार दोन्ही देणे. याबाबत नव्या सरपंचांना, विशेषतः पहिल्यांदा निवडून आलेल्या महिलांना, नीट शिकवले गेले पाहिजे. मेळघाटात आणि दक्षिण गडचिरोलीत नेटवर्क तुटले की लहान ठेकेदाराला धारणी किंवा अहेरी गाठावी लागते. सर्व्हरवरची वेळ त्याच्यासाठी थांबत नाही.

गडचिरोलीत याच्या शेजारीच दुसरी रीत उभी आहे. वनहक्क कायदा, २००६ आणि आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, १९९६ यांच्या आधारे तेथील अनेक ग्रामसभा तेंदूपाने आणि बांबू स्वतः विकतात. व्यापाऱ्यांचे दर लोकांसमोर मांडले जातात आणि भाव गाव ठरवते.

संकेतस्थळावर निविदा सूचना, शुद्धिपत्रक, पात्र-अपात्र ठेकेदारांची यादी आणि उघडलेले दर कोणालाही पाहता येतात. कार्यारंभ आदेशानंतरचे काम मात्र शाखा अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लिहिले जाते, आणि ती कार्यालयात असते. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ (ञ) ने नागरिकाला अशा नोंदींचे आणि चालू कामाचे निरीक्षण करण्याचा, तसेच वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकार दिला आहे. नमुन्याचा हा अधिकार गावांत फारसा कोणाला ठाऊक नाही.