बचत गटाचा नियम आला कुठून?

बचत गट आज इतका सरकारी वाटतो, की त्याची सुरुवात मंत्रालयातच झाली असावी असं कुणालाही वाटेल. नाबार्ड या शेती व ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेच्या ज्या योजनेतून तो देशभर पोचला, तिचं मूळ मात्र कर्नाटकातल्या 'मायराडा' या स्वयंसेवी संस्थेच्या कामात आहे. १९६८ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी निघालेली ही संस्था पुढे खेड्यांत पतपुरवठ्याच्या सोसायट्या उभारू लागली. १९८४-८५ च्या सुमारास त्यांतल्या काही फुटल्या, कारण सभासदांचा पुढाऱ्यांवर भरवसा उरला नव्हता. पण एकमेकांना ओळखणारे लोक लहान गटांत एकत्र राहिले. संस्थेने सोसायटी पुन्हा सांधायचा हट्ट न धरता या गटांनाच बळ दिलं. मला तिचा हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो.

गट का चालतो, याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. शेळीसाठी कर्ज मागणारी बाई ते फेडेल का, हे बँकेला कळत नाही. जमीन नावावर नाही, म्हणजे तारणही नाही. शेजारणींना मात्र तिचा व्यवहार वर्षानुवर्षं माहीत असतो. कर्जदारच एकमेकांवर लक्ष ठेवतात तेव्हा बँकेची जोखीम कशी घटते, हे अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९९० मध्ये गणिताने मांडलं.

अडचण नियमाची होती. नोंदणी नसलेल्या गटाला बँक कर्ज कशी देणार? नाबार्डने १९८७ मध्ये मायराडाला गटांसाठी १० लाख रुपये दिले. अनुभव चांगला आल्यावर रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये बँकांना या कामात उतरायला सांगितलं आणि १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांचा प्रयोग सुरू केला. नोंदणी नको, तारण नको, बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज, आणि ते कुणाला द्यायचं हे गटच ठरवणार. नियम बदलायला मोर्चापेक्षा चालत्या गटांची हिशेबाची वही इथे जास्त कामी आली.

सरकारने १९९९ च्या स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजनेत गट घेतले, पण त्यांना अनुदान जोडलं. उद्दिष्ट गाठायला गट बनू लागले आणि अनुदान मिळाल्यावर अनेक मोडले. २०११ च्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्याकडच्या 'उमेद'मध्ये, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री पुन्हा पुढे आली.

तरी कर्ज म्हणजे उद्योग नव्हे. सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचे, प्रयोग २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. धंद्याला थोडा हातभार लागला, पण घराचं उत्पन्न सरासरीने फारसं वाढलं नाही. गटांच्या पापड-मसाल्याला गावाबाहेर गिऱ्हाईक मिळवून देणारं धोरण हवं, आणि संस्थांनी आता त्यासाठी झटायला हवं.