जिप्सीचा क्लच घरी बदलताना

आमच्या दुकानात क्लच किट मागायला आलेल्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही आधी एकच विचारतो: पेडलचा फ्री प्ले मोजलात का? मारुती जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. हाताने पेडल दाबलं की पहिले 20 ते 30 मिलिमीटर ते सैल जायला हवं आणि मग जोर लागायला हवा. हा सैलपणा उरलाच नसेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागावर) टेकून राहतं आणि चांगली क्लच प्लेटसुद्धा घसरते. केबलचा नट फिरवून दहा मिनिटांत बरं होणाऱ्या दुखण्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. आमचं एक किट कमी खपलं तरी चालेल.

केबल ठीक असेल, तर तापलेली गाडी सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये सावकाश चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन ओरडतंय, स्पीडोमीटरचा काटा मात्र जागचा हलत नाही आणि करपट वास येतोय, म्हणजे प्लेट संपली. आवाजाची गोष्ट वेगळी. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग गेलंय. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबलं की थांबते, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा आहे. तो आवाज नव्या क्लचने जाणार नाही.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पेडल दाबूनही गिअर पडत नाही, अशी तक्रार दरवर्षी येते. प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) चिकटलेली असते. बऱ्याचदा इंजिन गरम करून, पेडल दाबून ठेवून, मोकळ्या मैदानात गाडी गिअरमध्येच सुरू केली आणि अ‍ॅक्सिलरेटरला झटके दिले की ती सुटते. गाडी लगेच पळते, त्यामुळे पुढे कुणी नको. गाडी बराच काळ उभी करून ठेवताना सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची पट्टी अडकवून पेडल दाबलेलं ठेवलं, तर ही वेळच येत नाही.

काय मागवायचं

एक लिटरची जुनी जिप्सी आणि 1.3 लिटरची जिप्सी किंग यांची प्लेट एकच समजू नका. शिवाय बऱ्याच जिप्सींमध्ये आता दुसऱ्याच गाडीचं इंजिन असतं. म्हणून जुनी प्लेट काढून सोबत आणलीत तर उत्तम. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. फ्लायव्हीलच्या मध्यातलं छोटं पायलट बेअरिंग आणि दोन ऑइल सील (क्रँकचा मागचा आणि गिअरबॉक्सचा पुढचा) हेही त्याच वेळी घ्या. त्यांची किंमत किरकोळ आहे, पण त्यांच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याचे कष्ट किरकोळ नाहीत.

उतरवताना

घरी हे काम करायला जिप्सीसारखी सोयीची गाडी नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सला जोडलेला नसून मागे वेगळा बसवलेला आहे आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट आहे. त्यामुळे ट्रान्सफर केस जागेवर ठेवून नुसता गिअरबॉक्स काढता येतो. गाडी चार भक्कम जॅक स्टँडवर, काँक्रीटवर घ्या. मातीवर नको, विटांवर तर नकोच. बॅटरीची निगेटिव्ह तार, गिअर लिव्हर, स्टार्टर, क्लचची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि तो आखूड शाफ्ट काढायचा. फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) आधी रंगाची खूण करा, म्हणजे बसवताना शाफ्ट त्याच जागी बसेल. इंजिनाखालीही एक जॅक लागेल.

बेलहाउसिंग (क्लचवरचं आवरण) उघडल्यावर दिसणारी काळी धूळ हवा मारून उडवू नका. प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. प्लेट तेलकट असेल तर वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर तेल गिअरबॉक्सचं, नाही तर इंजिनचं. म्हणजे कोणता सील गळतोय ते कळतं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या बारीक चिरा असतील तर आम्हाला दाखवा. लेथवर साफ होईल की नवंच लागेल, ते हातात घेऊनच सांगता येतं.

बसवताना

इथे घाई सगळ्यात महागात पडते. एका ग्राहकाने महिन्याभरात प्लेट परत आणली. लायनिंग कोरं होतं, पण मधला हब वाकडा झालेला. विचारल्यावर कळलं, गिअरबॉक्स निम्मा आत गेला, हात भरून आले म्हणून पाच मिनिटं तसाच सोडला. त्या पाच मिनिटांत सगळं वजन शाफ्टवरून प्लेटवर लटकत होतं. म्हणून दोन माणसं आणि खाली ट्रॉली जॅक, याशिवाय सुरुवातच करू नका.

प्लेटच्या हबची फुगीर बाजू प्रेशर प्लेटकडे यायला हवी. प्लेट मध्यावर धरायला अलाइनमेंट टूल वापरा. आमच्याकडून किट घेतलंत तर ते वापरायला देतो. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत न्या आणि शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आणा. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीस बोटभर नको, नुसता हात फिरवल्याइतका. जास्त झालेला ग्रीस फिरताना उडून लायनिंगवरच जातो. शेवटी गिअरबॉक्स आत जात नसेल, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. मागचा फ्लँज हाताने जरा फिरवा. स्प्लाइन जुळले की तो आपोआप सरकतो.

पहिले काही दिवस

नव्या क्लचवर पहिले 500 किलोमीटर चिखल आणि चढ टाळा. पुढेही दगडात किंवा उभ्या चढावर हाफ क्लच धरून गाडी ओढण्याऐवजी सरळ 4एल (फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर) टाका. त्यात चाकाला दीडपटीहून जास्त जोर मिळतो आणि पाय क्लचवरून उचलता येतो. पंधरा दिवसांनी फ्री प्ले पुन्हा मोजा, कारण नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते. जमत नसेल तर गाडी दुकानासमोर आणा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.